सहावा कर्णा

"टक्!"

आणि सगळं गप्प. टाळ वाजतायत, पखवाज वाजतोय, भजनकऱ्यांची तोंडं हलतायत, पण देवळावरच्या कर्ण्यांतून चकार शब्द नाही. मशीनवर लाल दिवा तेवढा लागलेला.

"गेलं! परत गेलं!" पोपट गुरव माझ्याकडं बघून असा ओरडला, की जणू मीच जाऊन बटण दाबलं होतं. "मेस्त्री, सकाळपासनं आठव्यांदा बघा. आवाज बारीक ठेवला की गुमान चालतंय. मोठा केला की मेलंच."

"मग बारीक ठेव की लेका."

"तात्या ठेवू देतील व्हय?"

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होतील. पण ते 'टक्' ऐकू आलं की अजून माझं डोकं फिरतं, म्हणून सांगतो.

मी अधिकराव कुंभार. विट्यात माझं ॲम्प्लिफायर बनवायचं आणि दुरुस्तीचं दुकान. आमच्याकडं त्याला कुणी ॲम्प्लिफायर म्हणत नाही, मशीन म्हणतात. माळशेंद्रे गावच्या भैरवनाथाच्या देवळातलं हे मशीन मी माझ्या हातानं बनवलं होतं. ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळलेला, पत्रा स्वतः वाकवलेला आणि पुढच्या बाजूला पितळी पाटी, 'कुंभार साऊंड, विटा'. चार वर्षांत एकदाही कुरकुर नाही. आणि आता अखंड सप्ताहाचा सहावा दिवस, उद्या सकाळी काल्याचं कीर्तन, आसपासच्या गावांतली माणसं येणार, आणि माझं मशीन भर मांडवात माझ्या पाटीसकट तोंडावर पडत होतं. गावानं मोटरसायकल पाठवून मला बोलावून घेतलं होतं. सकाळचे अकरा वाजले असतील.

मी पुढं जाऊन बटण खाली केलं. दहा सेकंदांत लाल दिवा गेला, आवाज आला. हळूहळू वाढवत नेला. अर्ध्याच्या वर काटा गेला आणि पुन्हा टक्.

हे 'टक्' काय ते सांगतो. मशीनच्या पोटात मी एक रिले बसवला होता. मशीनवर पेलवणार नाही इतका भार आला की तो रिले उडतो आणि मशीन स्वतःला बंद करून घेतं. जळण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. म्हणजे मशीन बंद पडत होतं ते बिघडलं म्हणून नाही, बिघडू नये म्हणून. हे मी तिथं जमलेल्या पंधरा-वीस माणसांना सांगितलं. त्यातल्या एकालाही ते पटलं नाही. मशीन बंद पडलं म्हणजे मशीन खराब, एवढंच त्यांना कळत होतं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

"परवापर्यंत नीट होतं?" मी पोपटला विचारलं.

"एकदम."

"मग परवापासनं नवीन काय जोडलंस?"

पोपटनं इकडंतिकडं बघितलं. पूजा करणारा आणि माइक सांभाळणारा तोच, त्यामुळं त्याला सगळ्यांची मर्जी राखावी लागायची. त्यानं नुसती हनुवटी वर केली. मी वर बघितलं. देवळाच्या शिखराभोवती आणि मांडवाच्या खांबांवर सहा कर्णे होते. पत्र्याचे ते मोठे भोंगे. प्रत्येकावर ऑइलपेंटनं नाव. एकावर 'कै. बापू सखाराम पाटील यांचे स्मरणार्थ'. तो रंगरावतात्यांच्या वडलांच्या नावाचा. मग एक सोसायटीच्या चेअरमनचा, एक तालीम मंडळाचा, एक मुंबईकर मंडळींचा, एक रिटायर झालेल्या मास्तरांचा. आमच्याकडं देवळात पंखा दिला तरी पात्यावर नाव असतं, मग कर्ण्यासारखी ओरडणारी वस्तू नावाशिवाय कशी राहील? आणि पूर्वेच्या खांबावर सहावा, कोरा करकरीत. त्यावर पांढऱ्या अक्षरांत, 'सप्रेम भेट, समस्त वडारवस्ती'.

"परवा आणला," पोपट हळू आवाजात म्हणाला. "वाजतगाजत आणला. हळदकुंकू, नारळ, सगळं."

गावाच्या पूर्वेला दगडाची खाण आहे. तिथं वडारांची तीसेक घरं. ज्या पायरीवर मी बसलो होतो तिचा दगडही त्यांनीच फोडलेला. पण कीर्तनाला ती माणसं मांडवाबाहेर लिंबाखाली बसायची आणि वस्तीवरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना तर काहीच ऐकू जायचं नाही. म्हणून सगळ्या वस्तीनं मिळून कर्णा आणला होता. खाणीकडं तोंड करून लावला होता. देवळावर त्यांचं नाव पहिल्यांदा लागलं होतं.

मेस्त्री लोकांची एक पद्धत असते. शेवटी जोडलं ते आधी सोडवून बघायचं. त्यात कुणाचा मानअपमान नसतो, हाताला सवय झालेली असते. मी मशीनच्या मागच्या बाजूनं सहाव्या कर्ण्याची वायर काढली आणि आवाज वाढवला. अर्धा. पाऊण. पुरा. भजनकऱ्यांनी गजर धरला होता, नुसता दणदणाट झाला. लाल दिवा लागला नाही.

"सांगितलं नव्हतं?" मागनं एकजण ओरडला. "त्यो कर्णा आला तवापासनंच हाय हे!"

"अरे त्यो कर्णाच खोटा हाय!"

"आणला असंल कुठनंतरी भंगारातनं उचलून!"

एकदम सगळ्यांना कंठ फुटला. सकाळपासून मशीनला शिव्या देणारी हीच तोंडं. तेवढ्यात तात्या आले. रंगरावतात्या पाटील, सप्ताह कमिटीचे अध्यक्ष. पांढरं धोतर, पांढरी टोपी, बोलणं साखरेच्या पाकातलं. त्यांनी चालू आवाज ऐकला आणि हसले.

"झालं? मेस्त्री आले आणि काम झालं. मी म्हटलंच होतं."

"थांबा तात्या," मी म्हटलं. "अजून काहीच झालेलं नाही."

पायऱ्यांच्या खाली एक माणूस उभा होता. उंच, काळा, हाताची बोटं जाड आणि फुटलेली. डोक्याला तांबडा पटका. यल्लाप्पा धोत्रे, वस्तीचा पुढारी म्हणा, कारभारी म्हणा. कर्णा त्यानंच खांबावर चढून बांधला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"मेस्त्री," तो खालनंच म्हणाला, "आमच्या कर्ण्यात काय खोट निघाली का?"

"बघतो," मी म्हटलं. "वर ये की. तिथनं काय विचारतोस?"

तो एकच पायरी वर आला.

मी सहाव्या कर्ण्याच्या वायरला मीटर लावलं. ठणठणीत. मग एकटा तोच मशीनला जोडला आणि पुऱ्या आवाजात वाजवला. असा स्वच्छ वाजला, की खरं सांगतो, सहांत तोच सगळ्यांत चांगला होता. सगळे पुन्हा जोडले आणि या वेळी पहिली वायर काढली.

"आवो, आवो! त्यो तात्यांचा!" पोपटनं माझा हात धरला.

"मला दिसतंय. माझे डोळे फुटले नाहीत."

तात्यांचा कर्णा बंद, वडारांचा चालू. आवाज पुरा. लाल दिवा नाही. दणदणाट तस्साच. मग तात्यांचा जोडला, मुंबईकरांचा काढला. तेच. मास्तरांचा काढला. तेच. प्रत्येक वेळी मी मागं वळून त्या ओरडणाऱ्यांकडं बघत होतो. आता ते दुसरीकडं बघत होते.

पहिल्यांदा कळलं ते यल्लाप्पाला. "म्हंजी," तो म्हणाला, "कुठलाबी एक काढला तरी मशीन चालतंय."

"बरोब्बर!" मी ओरडलोच. "या एकट्याला कळलं बघा! कर्णा एकही खराब नाही. मशीन पाच कर्णे ओढतंय, सहावा झेपत नाही. प्रत्येक कर्णा करंट मागतो. पाच मागणारे असले तर हे सगळ्यांना पुरवतं, सहा झाले की ह्याचा दम तुटतो. एवढीच गोष्ट आहे."

"मग काढा शेवटचा," तात्या म्हणाले. "शेवटी आलेत ते."

अगदी सहज म्हणाले. चहात साखर कमी टाका म्हणावं तसं. आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

यल्लाप्पा तेवढा माझ्याकडं बघत राहिला.

आता माझी एक खोड आहे. मला कुणी साधी वस्तू अवघड करून सांगितली की मी पेटतो. मी म्हटलं, "काढायचं कशाला? सहाही वाजतील. आवाज थोडा कमी ठेवा."

"कमी चालायचं न्हाई," तात्या म्हणाले. "काल्याचं कीर्तन खिंडीपलीकडं जायला पाहिजे. दरवर्षी जातंय."

"मग दुसरं मशीन आणा."

ते मलाही ठाऊक होतं की मिळणार नाही. लग्नसराई आणि सप्ताह एकदम, माझ्या दुकानात पत्र्याचा डबासुद्धा शिल्लक नव्हता. सगळी मशीनं बाहेर. मग मी तिसरा उपाय सांगितला. आणि आज वाटतं, सांगितलाच नसता तर बरं झालं असतं. मागं जाऊन गुपचूप दोन वायरी इकडच्या तिकडं केल्या असत्या, तर कुणाला काय कळणार होतं? पण मला शहाणपण पाजळायची हौस!

"हे बघा," मी म्हटलं, "दोन कर्णे एकापाठोपाठ एक जोडायचे. म्हणजे एकातनं जाणारा करंट तसाच पुढं दुसऱ्यातनं जातो. त्या दोघांचा मिळून भार एकाहूनही कमी होतो. बाकीचे चार पुऱ्या आवाजात वाजतील, ह्या दोघांचा आवाज थोडा बारीक होईल, बस्स. एकच जोडी लावली की काम झालं. हा सहावा कुणाच्या जोडीला लावू, तेवढं सांगा."

मांडवात एकदम शांतता पसरली. भजनकरीसुद्धा चहाला उठले होते. मी इतका येडा, मला वाटलं ते हिशेब समजून घेतायत.

"एकातनं जाऊन दुसऱ्यातनं?" चेअरमननं विचारलं.

"हो."

"म्हंजी आमच्या कर्ण्यात येणारा करंट त्यांच्यातनं येणार?"

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. थट्टा करतोय असं वाटलं. तो थट्टा करत नव्हता.

"करंट आहे हो तो," मी म्हटलं. "पाणी नाही."

"त्यांचा मागं लावा की मग," पोपट मध्येच म्हणाला. त्याला वाटलं त्यानं मोठीच तोड काढली. "आधी आमच्यातनं जाऊ दे, मग त्यांच्यातनं."

"त्यात आधी-नंतर काही नसतं. करंट पुढं जातो आणि मागंही येतो, सेकंदाला पन्नास-शंभर वेळा, हजार वेळा."

"मागं येतोय?" चेअरमन दोन पावलं सरकला. "मग राहू द्या. आमचा नगं."

तालमीच्या पोरांनी सांगितलं, वस्तादांना विचारावं लागेल. वस्ताद बाहेरगावी. मास्तर, ज्यांनी या गावाला चाळीस वर्षं शिकवलं, ते टोपी काढून डोकं पुसत म्हणाले, "माझी काही हरकत नाही, पण घरात विचारायला हवं." मुंबईकर मंडळी मुंबईत. आणि तात्यांच्या कर्ण्यावर तर त्यांचे स्वर्गवासी वडील. त्यांना कोण विचारणार?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पत्र्याचा कर्णा, तांब्याची तार, आणि त्याला यांनी जातपात लावली! ही कल्पना त्यांना सुचली कशी, हेच मला कळेना. बरं, देवळातली वीज कुठनं येत होती? खाणीवरच्या डीपीवरनं. वडारवस्तीच्या तारांतनं. ती चालत होती, कारण त्या तारेवर कुणाचं नाव लिहिलेलं नव्हतं.

आणि यल्लाप्पा तिथंच पायरीवर उभा राहून हे सगळं ऐकत होता. एकानंसुद्धा त्याला बाजूला जा म्हणायचे कष्ट घेतले नाहीत. तो नसल्यासारखंच चाललं होतं.

"मेस्त्री, जरा इकडं या," तात्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला गाभाऱ्यामागच्या खोलीत नेलं. माझ्या हातात चहाचा कप दिला. स्वतः भांडारातल्या पोत्यावर टेकले.

"रागावू नका. तुम्ही आमचेच."

"तात्या, तो कर्णा चांगला आहे. मी वाजवून दाखवला."

"असंल की. मी कुठं नाही म्हणतो? पण उद्या इथं बावीस गावचे लोक येणार. सप्ताहाचं मशीन ठरवणारे सगळे. तुमची पाटी वाचणार. भर कीर्तनात मशीन बसलं, तर कुंभाराचं मशीन बसलं असंच म्हणणार का न्हाई?"

मी चहा तसाच धरून बसलो.

"आता लोकांनी बघितलंय, मशीन बंद पडतंय. काहीतरी खराब हाय. एक तर मशीन खराब, न्हाईतर तो कर्णा खराब. दोन्हीतलं कुठलं, ते तुम्ही माइकवर सांगा. कर्णा काढा म्हणून मी सांगितलं तर ते भांडण होईल. उगीच केसबिस. मेस्त्रीनं सांगितलं तर ती मशिनरी."

"आणि मी खरं सांगितलं तर?"

"खरं काय? मशीनला सहा कर्णे झेपत न्हाईत. हेच ना?" तात्या हसले. "सांगा की. कुंभार साऊंडला सहा कर्णे झेपत न्हाईत. उद्या बावीस गावांत होईल."

मला काय काय बोलायचं होतं! तात्या, तुमच्या वडलांच्या नावाचा कर्णा फुटकं मडकं वाजल्यासारखा वाजतो, खोटा आहे तो हाच. तुमचं देऊळ ज्यांनी रचलं त्यांचा आवाज तुम्हाला देवळावर नको. धोतर पांढरं असून काय उपयोग, आत नुसतं किटण आहे. उचला तुमचं मशीन आणि घाला त्या भैरवनाथाच्या विहिरीत, मला नको तुमचे बावीस सप्ताह! हे सगळं जिभेवर होतं. एकेक शब्द तयार होता.

मी चहा प्यायलो. कप खाली ठेवला. "माइक द्या," म्हणालो.

मांडवात आलो तर सगळे माझ्याचकडं बघत होते. पोपटनं माइक पुढं केला. मी मागं जाऊन सहावी वायर काढली. यल्लाप्पा आता दोन पायऱ्या वर आला होता. त्याच्यामागं वस्तीतल्या तीनचार बायका येऊन उभ्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन. बातमी गेली असणार.

"माउली, इकडं लक्ष द्या," मी म्हटलं. पाच कर्ण्यांतून माझा आवाज गावावर गेला. "मशीन तपासलेलं आहे. मशीनमध्ये काहीही दोष नाही. वडारवस्तीकडून आलेल्या कर्ण्याचं युनिट खराब निघालं आहे. त्यामुळं मशीन बंद पडत होतं. तो कर्णा उतरवण्यात येत आहे. उद्या काल्याच्या कीर्तनाला सर्वांनी उपस्थित राहावं."

पोपटनं आवाज पुरा करून ठेवला होता. खिंडीवर आपटून माझा शेवटचा शब्द परत आला. मी त्या लाल दिव्याकडं बघत होतो. लाग की रे, लाग. बंद पड एकदा. नाही पडलं. मी बनवलेलं मशीन, फार चांगलं चाललं.

यल्लाप्पा माझ्यासमोरून गेला. माझ्याकडं बघितलं नाही. पूर्वेच्या खांबावर चढला, स्वतः बांधलेली तार स्वतः सोडली, कर्णा एका हातात धरून खाली उतरला. त्याला हात द्यायला एकजण पुढं झाला नाही. मीही नाही. त्यानं डोक्याचा पटका सोडला, कर्ण्यावरच्या नावाभोवती गुंडाळला आणि खांद्यावर टाकून बायकांबरोबर निघून गेला. परवा वाजतगाजत आणलेला.

दुसऱ्या दिवशी कीर्तन झोकात झालं म्हणे. मी गेलो नाही. पुढच्या पंधरा दिवसांत मला सात गावांची बोलावणी आली.

कीर्तनाला आठ दिवस झाले असतील. भर दुपारी मी दुकानात सोल्डरिंग करत बसलो होतो. बाहेर ऊन मरणाचं. दारात सावली पडली म्हणून मान वर केली, तर यल्लाप्पा. खांद्यावर कर्णा. एसटीनं आला होता, कपाळावर धूळ आणि घाम.

"मेस्त्री, युनिट खराब हाय म्हणालात न्हवं? दुरुस्तीला आणलाय."

मी सोल्डरिंगची काडी खाली ठेवली. "ठेव," म्हटलं. "बघतो सावकाशीनं. दोनचार दिवसांनी ये."

"बसतो की. आत्ताच बघा."

तो समोरच्या लोखंडी खुर्चीवर बसला. मी काय करणार? पाना घेतला, मागचं युनिट सोडवलं, चार स्क्रू काढले, झाकण उघडलं. आत सगळं नवंकोरं. पडदा नवा, तार चकचकीत. मी फुंकर मारली. मीटर लावलं. पुन्हा लावलं. उगाच ब्रश फिरवला. तो नुसता माझ्या हातांकडं बघत होता. पाच मिनिटं गेली. मग माझ्यानं राहवेना. मी उठलो, शटर अर्धं खाली ओढलं आणि त्याच्या जवळ येऊन बसलो.

"यल्लाप्पा," मी हळूच म्हटलं, "तुझ्या कर्ण्यात काही खराब नाही. त्या दिवशीही नव्हतं. मला तसं सांगावं लागलं. समजून घे बाबा."

"ठाव हाय मला," तो म्हणाला. "भावाच्या टेपला लावून बघितला घरी. खणखणीत वाजतोय."

"मग आणलास कशाला?"

"मला ठाव हाय. वस्तीला ठाव न्हाई. बायका म्हणत्यात, तू फसलास, खोटा माल आणलास. आमच्या आईनं तर जेवण टाकलं, देवाच्या दारात आपली खोट निघाली म्हणून. मी सांगून कुणाला पटत न्हाई. मेस्त्री बोलला, कर्ण्यावरनं बोलला." तो थांबला. मग त्यानं अर्ध्या शटरकडं बघितलं. "खोटं बोललात ते तीन गावांनी ऐकलं, मेस्त्री. आन् खरं सांगताना शटर वढून घेतलंत व्हय?"

मी टेबलावरचा एक स्क्रू बोटानं फिरवत राहिलो.

"गुरवारी देवळात भजन असतंय. या. मशीनपशी उभं ऱ्हावा आन् असंच सांगा, कर्णा चांगला हाय म्हणून. कर्णा लावूबी नका. नुसतं सांगा. तेवढंच मागायला आलोय."

एवढंच मागत होता तो. दोन वाक्यं. आणि मला कुणाचा राग आला म्हणता? आठ दिवस माझ्या पोटात जो काही जाळ साठला होता, तात्यांवरचा, चेअरमनवरचा, त्या मास्तरांवरचा, माझ्या स्वतःवरचा, तो सगळा एकदम वर आला आणि माझ्यासमोर बसलेल्या त्या एका माणसावर कोसळला.

"ऊठ!" मी ओरडलो. "ऊठ आधी! मला काय धंदा घालवायला सांगतोस? तुझ्या एका कर्ण्यापायी मी गावोगाव शेण खात फिरू? चांगुलपणानं खरं सांगितलं तर डोक्यावर बसतोस! तुम्हाला कुणी सांगितलं होतं देवळावर नावं लावायला? नव्हता कर्णा तेव्हा मेला होतात काय? उचल तुझं ते आणि चालता हो!"

इतका मोठा आवाज माझा मलाही ठाऊक नव्हता. बाहेर रस्त्यावरची माणसं थबकली.

यल्लाप्पा उठला. घाईनं नाही. त्यानं टेबलावरचे चारही स्क्रू एकेक करून उचलले, खिशात टाकले. युनिटवर झाकण ठेवलं. कर्णा खांद्यावर घेतला. दारापाशी वाकून एका हातानं शटर धरलं आणि सरळ वरपर्यंत ढकललं. भर्रकन ऊन आत आलं. मग तो स्टँडच्या दिशेनं चालू लागला.

शेजारचा चहावाला हातातला ग्लास तसाच घेऊन धावत आला. "काय झालं अधिकभाऊ? एवढा आरडाओरडा? कोण होता?"

मी सोल्डरिंगची काडी उचलली, पुन्हा कामाला लागल्यासारखं केलं.

"कुणी नाही," मी म्हटलं. "वडार होता एक."